डावा कान

“कारा घरातच राहू दे वो. या बिल्लेवाल्याले दिसला का त्याचा कान गेला आन् आपली पूजाबी गेली.”

फुलवंताबाई हे आपल्या सुनेला म्हणाली, अगदी माझ्या पाठीमागे उभी राहून. मी समाजमंदिराच्या ओट्यावर बसले होते. मांडीवर टॅब आणि टॅबमध्ये डोकं. गावोगावच्या बायकांचा माझ्याबद्दल एक समज होता, की ही गोंदिया शहरातली, इंग्रजी शाळेत शिकलेली पोरगी, हिला आपली बोली कळत नाही. तो समज मी कधी दुरुस्त केला नाही. गप्प बसणाऱ्या माणसासमोर लोक काय काय बोलून जातात, हे गप्प बसणाऱ्यालाच माहीत.

कारा म्हणजे काळा बोकड. तो नवसाचा होता. फुलवंताबाईची सून आदल्या वर्षी सिकलसेलच्या दुखण्याने गोंदियाच्या दवाखान्यात पडली होती, अंगात रक्त ठरत नव्हतं, तेव्हा सासूने तो घरच्या देवाला बोलला होता. सून परत आली. बोकड वाढला. दोन दिवसांनी पूजा होती. त्यांच्या देवाचा नियम एकच होता, जनावर धड पाहिजे. शिंग मोडकं चालत नाही, पाय लंगडा चालत नाही, आणि कानाला चीर किंवा भोक असेल तर देव तोंड फिरवतो.

आमच्या साहेबांचा नियमही एकच होता. कानाला भोक पाहिजेच.

साहेब आमच्या सडक अर्जुनीच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते आणि मी तिथली कंत्राटी डेटा ऑपरेटर. गाय असो, म्हैस असो, शेळी असो, प्रत्येक जनावराच्या डाव्या कानात बारा आकडी नंबरचा पिवळा प्लास्टिकचा टॅग लावायचा, मालकाचं नाव, जनावराचं वय, रंग वगैरे ॲपमध्ये भरायचं, हे आमचं काम. टॅगला गावात सगळे बिल्ला म्हणत. साहेबांना बिल्लेवाला. तोंडावर अर्थातच साहेब.

हे काम इतर तालुक्यांतही चाललं होतं. तिथले लोक ते काम म्हणून करत. आमचे साहेब त्याकडे धर्म म्हणून पाहत.

त्यांच्या गळ्यात स्वतःचं ओळखपत्र कायम असे. दवाखान्यात असे हे ठीक, पण मी त्यांना एका लग्नात जेवताना पाहिलं आहे. सफारी, गंध, पुढ्यात पत्रावळ, आणि वरणात बुडायला आलेलं ओळखपत्र. कोणी हसलं तर म्हणत, “ओळख खिशात ठेवायची वस्तू नाही. खिशात रुमाल ठेवा.” जुने, तुटलेले, शेळ्यांच्या कानातून निसटून सापडलेले बिल्ले ते फेकत नसत. दवाखान्यातल्या वस्तूंना लावत. त्यांच्या डब्याला बिल्ला होता, पाण्याच्या मगाला होता, खुर्चीला होता. खुर्चीचा बिल्ला डाव्या हातावर. परिचर झाडताना खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायचा आणि मग डावा हात कोणता यावर दोघांची जुंपायची. “खुर्ची फिरली म्हणून तिचा डावा बदलतो का रे?” साहेब विचारत. “तुझं तोंड फिरलं का तुझा डावा हात उजवा होते?” परिचर झाडू टेकून खरोखरच विचारात पडे. छत्रीला डावं अंग कुठलं, हा प्रश्न मात्र साहेबांनाही सुटला नव्हता. तिचा बिल्ला बरेच दिवस टेबलावर पडून होता, छत्री त्याच्याशेजारी, आणि बाहेर साहेब भिजत होते.

शेळ्या ते शेवटच्या चार आकड्यांनी ओळखत. माणसं त्यांच्या लक्षात राहत नसत. एकदा बाजारात एका म्हातारीला त्यांनी अडवलं.

“अडतीस-बारा कशी आहे?”

“कोन जी?”

“अडतीस-बारा. तिच्या कानात पू झाला होता.”

“आमच्या घरी तसं कोनी नाई बाप्पा.”

“अहो, तुमची शेळी!”

“असं असं, चंपी! चंपी बरी हाय. पन ते तुमचं पिवरं गरून गेलं. झुडपात अडकलं.”

साहेबांचा चेहरा असा उतरला की म्हातारीच घाबरली. चंपी बरी होती, चरत होती, दूध देत होती. पण साहेबांच्या दृष्टीने अडतीस-बारा वारली होती, आणि चंपी नावाच्या कुणा जनावराला ते ओळखत नव्हते.

आमच्याकडच्या शेळ्या जंगलात चरतात. बोर, चिल्हाटी, कसलं कसलं काटेरी झुडूप. बिल्ला अडकला की शेळी झटका देते, कान फाटतो, बिल्ला तिथेच राहतो. पोरं ते गोळा करून खेळतात. एकदा एक सज्जन गृहस्थ बिल्ला रुमालात गुंडाळून दवाखान्यात घेऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले, “रस्त्यावर कोनाचं तरी आधार सापडलं जी.” साहेबांनी त्यांना चहा पाजला. त्यांनी कोणाला चहा पाजलेला मी एवढ्या काळात पाहिला तो तेव्हाच.

गावातल्या लोकांची स्वतःची पद्धत होतीच. प्रत्येक घर आपल्या शेळ्यांच्या कानाला आपापली खूण करतं. कोणी टोक छाटतं, कोणी मागच्या कडेला खाच पाडतं, कोणी मधोमध चीर देतं. कळपात कोणाची शेळी कोणाची, यावर मी तरी भांडण पाहिलं नाही. साहेब या कानांना ‘अनधिकृत कान’ म्हणत. “उद्या दोन घरांनी सारखीच खाच पाडली तर?” ते मला विचारत. मला विचारत म्हणजे माझ्याकडे बघून स्वतःला विचारत, कारण मी उत्तर देत नसे, आणि ते थांबत नसत.

माझ्या शाळेचा त्यांना विलक्षण अभिमान होता, आणि तितकाच राग. बाहेरचे कोणी आले की, “आमच्या मॅडम कॉन्व्हेंटच्या आहेत,” असं जाहीर करत आणि लगेच पुढे, “एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्यासाठी एकच.” ते खोटं नव्हतं. मी आजही एकोणसत्तर ऐकलं की मनात आधी सत्तर म्हणते आणि मग एक पायरी खाली उतरते. पण हे त्यांनी प्रत्येक सरपंचाला सांगायची गरज नव्हती.

बिल्ला खाल्ल्याची गोष्ट मी घरी सांगते तेव्हा कोणी विश्वास ठेवत नाही. एका शिबिरात मारायला काढलेला बिल्ला ओट्यावर ठेवला आणि साहेब हात धुवायला वळले. परत बघतात तर बिल्ला नाही. जवळ एक पांढरी शेळी उभी होती आणि तिचं तोंड हलत होतं. शेळीचं तोंड हलतच असतं. पण साहेबांनी तिला संशयावरून ताब्यात घेतलं. मालकीण ओरडली, “माई बकरी चोर नाई जी!” तरी शेळी दवाखान्यात आणून व्हरांड्यात बांधली. परिचराला हुकूम झाला की लेंड्या बघायच्या. परिचराने काडी घेतली आणि बघितल्या. दुसऱ्या दिवशीही बघितल्या. मालकीण रोज चारा घेऊन यायची, शेळीच्या गळ्यात पडायची आणि साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात शेळीला म्हणायची, “खाय माये खाय, सरकारचं गिळलं हायेस, पचाले वेळ लागतेच. मोठमोठ्याईलेबी लागते.” बिल्ला शेवटपर्यंत निघाला नाही. शेळी सोडावी लागली. साहेबांनी माझ्याकडून शेऱ्याच्या रकान्यात टाइप करून घेतलं: ‘सदर बिल्ला सध्या दुसऱ्या जनावराच्या पोटात.’ त्या पांढऱ्या शेळीकडे नंतर ते एका वेगळ्याच आदराने पाहत. जिल्ह्यात दोन नंबर असलेली ती बहुधा एकटीच. एक कानात, एक पोटात.

मेंढी हे त्यांचं अपुरं स्वप्न. आमच्या भागात भात पिकतो, शेळ्या असतात, मेंढ्या जवळजवळ नाहीतच. ॲपमध्ये मात्र शेळीच्या खाली मेंढीचा रकाना होता आणि तो कायम रिकामा. साहेब त्याकडे असे बघत जसे लोक आपल्या रिकाम्या गोठ्याकडे बघतात. एकदा हायवेवर एका ढाब्यामागे परमुलखातल्या मेंढपाळांचा तांडा उतरला. उंट, कुत्री, बाया, पोरं आणि मेंढ्यांचा समुद्र. साहेबांनी मोटरसायकल अशी काढली की मी मागे बसले आहे की नाही हेही बघितलं नाही. पक्कड, बिल्ल्यांची पेटी, जंतुनाशकाची बाटली घेऊन ते एका पागोटेवाल्या म्हाताऱ्यासमोर उभे राहिले आणि त्याला हिंदीतून ओळखीचं महत्त्व समजावू लागले. म्हातारा विडी ओढत ऐकत राहिला. मग म्हणाला, “साहब, इतने कान में सुराख करोगे तो भेड़ की हवा निकल जाएगी.” आणि त्याने फक्त एक विचित्र आवाज काढला, जिभेने टाळूवर. सगळा कळप उठला आणि चालायला लागला. साहेब पक्कड हातात धरून मेंढ्यांच्या मधोमध उभे. मेंढ्या त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेल्या. ट्रक हॉर्न वाजवत होते. ते परतले तेव्हा त्यांच्या पँटला लोकर चिकटली होती आणि ती त्यांनी झटकली नाही. पुढे त्यांची बदली मेंढ्यांच्या मुलखात झाली असं मी ऐकलं. मला मेंढ्यांचं वाईट वाटलं.

त्यांच्याबद्दल मला वाईट वाटण्याचा प्रसंग एकदाच आला. नागझिऱ्याकडे जाताना एक वरिष्ठ अधिकारी आमच्या दवाखान्यात पाच मिनिटं थांबले. साहेब ओळखपत्र सरळ करून उभे. वरिष्ठांनी त्यांना हाक मारली ती आडनावानेच, पण ते आडनाव साहेबांच्या आधी या खुर्चीवर असलेल्या माणसाचं होतं. “हो सर,” साहेब म्हणाले. पुन्हा तीच हाक, पुन्हा “हो सर”. गाडी निघून गेल्यावर ते बराच वेळ छातीवरच्या कार्डाकडे बघत होते. मग मला म्हणाले, “मोठ्या लोकांना किती माणसं असतात, मॅडम.” मला दया येणारच होती. तेवढ्यात एक शेतकरी आजारी शेळी खांद्यावर टाकून आत आला. साहेबांनी शेळीचा कान उलटून बघितला, कान कोरा होता, आणि ते कडाडले, “आधी हिची ओळख आणा, मग औषध!” तो माणूस बिचारा शेळी खांद्यावर तशीच ठेवून उभा राहिला. आणायची कुठून? शेवटी परिचराने मागच्या दाराने औषध दिलं. माझी दया मीच परत ठेवून दिली.

तर फुलवंताबाईचं गाव. जंगलाच्या कडेचं, लहान, बहुतेक गोंड कुटुंबं. साहेबांनी ते निवडलं होतं, कारण तिथे एकही जनावर बिल्ल्यावाचून ठेवायचं नाही आणि तालुक्यातलं पहिलं असं गाव म्हणून फलक लावायचा, अशी त्यांची योजना होती. फलक रंगवून तयार होता. ‘शंभर टक्के ओळख असलेल्या पशुधनाचे गाव’. ओट्याशेजारी तो उभा करून वर ओढणी टाकली होती. ओढणी माझी होती. साहेबांनी मागितली आणि मी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच वरिष्ठ येऊन पडदा सारणार होते. माझं कंत्राट पुढे वाढवायचं की नाही याचा अभिप्रायही त्याच आठवड्यात जायचा होता, आणि तो लिहिणार होते साहेब. हे त्यांनी मला येताना मोटरसायकलवर वाऱ्यात ओरडून सांगितलं होतं.

फुलवंताबाईची सून, सुनीता, मला पाणी द्यायला आली. बारीक, डोळ्यांत अजून पिवळेपणाची छटा. तांब्या माझ्या हातात देऊन तशीच उभी राहिली.

“मॅडम, तुमाले समजते नं आमचं बोलनं?”

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मी स्पष्ट ठेवलं नाही. पण तिला ते कळलं असावं. ती हळूच म्हणाली, “आईले म्या म्हनलं, दुसरा बोकड देऊ. तर ते म्हनते, जो बोलला तोच द्याले लागते. देवासंग अदलाबदली नाई चालत.”

मी पाणी प्यायले. तांब्या परत दिला. मला पुष्कळ बोलायचं होतं, आणि मी ‘थँक्यू’ म्हणाले.

शिबिर सुरू झालं. साहेबांच्या शिबिरात सरकारच्या नियमांवर त्यांचे स्वतःचे पोटनियम असत, आणि त्यातला सगळ्यात कडक असा, की नंबर वाचणारा एक आणि बिल्ला मारणारा दुसरा. ही खोड त्यांना एका चुकीने लागली होती. पूर्वी ते दोन्ही एकटेच करायचे, आणि एकदा आकडे उलटसुलट झाले. एका गावचा बोकड कागदोपत्री दुसऱ्या गावची गाभण म्हैस झाला, आणि त्या बोकडाची प्रसूतीची तारीख विचारणारे फोन त्यांना कितीतरी दिवस येत होते. तेव्हापासून त्यांनी शपथ घेतली होती. मी बिल्ला हातात घेऊन बारा आकडे एकेक करून मोठ्याने म्हणायचे, त्यांनी ते परत म्हणायचे, आणि मगच पक्कड दाबायची. नंबर कानावर पडल्याशिवाय त्यांचा हात दाबत नसे. माझ्यासारखीला चारचौघांत मोठ्याने बोलणं म्हणजे शिक्षा. साहेब दर वेळी म्हणत, “मोठ्याने, मॅडम.” आयुष्यात मी जेवढं मोठ्याने बोलले होते ते सगळं आकड्यांत होतं.

घराघरातून शेळ्या आल्या. परिचर धरायचा, मी आकडे म्हणायचे, साहेब दोन शिरांच्या मधली जागा बोटाने चाचपून दाबायचे. खट्. शेळी ओरडायची, डोकं झटकायची, आणि साहेब म्हणायचे, “आता तू कोणीतरी झालीस.” हे ते प्रत्येकीला म्हणत. फुलवंताबाईने आपल्या तिन्ही शेळ्या स्वतः आणल्या, मुकाट्याने बिल्ले मारून घेतले, वर “लई शोभते जी” असंही म्हणाली. तिसरीला पक्कड बसली तशी ती जीव खाऊन ओरडली, आणि तिच्या ओरडण्याला फुलवंताबाईच्या घरातून भरघोस, घोगरं उत्तर आलं.

साहेबांनी मान वर केली.

“तो आवाज कोणाचा?”

“टीवीतला हाय जी,” फुलवंताबाई म्हणाली.

“टीव्हीत बोकड?”

“शेतीचा कार्यक्रम चालू हाय.”

“सकारपासून लाइन कुठी हाय?” परिचर सहज बोलून गेला, आणि बोलून झाल्यावर त्याला कळलं. त्याने जीभ चावली. मागच्या बायका हसल्या. साहेब उठले, घराकडे गेले, दारातून हाक मारून आत वाकले आणि काळा बोकड शिंगाला धरून बाहेर घेऊन आले. काळाभोर. एक पांढरा केस नाही. कान लांब, कोरे.

“हा कोण?”

“देवाचा हाय जी,” फुलवंताबाई म्हणाली. आता तिचा आवाज हसरा नव्हता. “परवा पूजा हाय. सुनेचा नवस. याच्या कानाले काई करू नोका.”

“मालक कोण?”

“देव.”

“देवाचा मोबाइल नंबर आहे का? ओटीपी कुठे जाईल?”

दोन-चार पुरुष हसले. फुलवंताबाई हसली नाही.

“साहेब, बिल्ला गऱ्यात बांधा नं. हार घालतो तसा.”

“गळा नियमात नाही.”

“मंग शिंगाले बांधा.”

“कान. डावा.”

“मंग पूजा झाल्यावर मारा जी. म्या सोता आनून देतो.”

“पूजा झाल्यावर कोणाच्या कानात मारू, बाई? हंडीच्या?”

पुन्हा हसू. साहेबांना विनोद साधला की ते एकदा मान खाली घालून ओळखपत्र सरळ करत, तसं त्यांनी केलं. गावातला एक म्हातारा मधे पडला. “साहेब, त्या पाटीवर शंभर हाय तिथी नव्व्यान्नव लिवा. एक बोकड कमी. कोन मोजते?”

“मी मोजतो,” साहेब म्हणाले, आणि ते खरं होतं. दुसरं कोणीच मोजणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी येणारे पाहुणेही मोजणार नव्हते, ज्यांना मोजणाऱ्याचं नावसुद्धा आठवत नव्हतं. मग त्यांनी बोकडाचा कान तळहातावर पसरला आणि शाळेत मुलांना समजावतात तसं फुलवंताबाईला समजावू लागले.

“बाई, तुमच्या फायद्याचंच सांगून राहिलो. तुमचा देव इतक्या गावांतून इतके बोकड घेतो. नंबर नाही, ओळख नाही, तर त्याला कळेल कसा हा तुमचाच? उद्या शेजारणीच्या नावावर जमा झाला म्हणजे?”

फुलवंताबाई बोकडाच्या कानाकडे बघत राहिली, साहेबांच्या अंगठ्याखाली तो चपटा झाला होता. बोलली ती सुनीता, घराच्या दाराला टेकून.

“मी कोनाची सून ते त्याले समजलं साहेब, दवाखान्यात. तिथं मले कुठी बिल्ला होता?”

साहेबांचा अंगठा कानावर किंचित सैल झाला. मला वाटलं, झालं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर फलक होता आणि फलकावर शंभर होतं. त्यांनी परिचराला शिंगं धरायला सांगितलं. परिचराने फुलवंताबाईकडे न बघता धरली. पक्कड जंतुनाशकात बुडवली, झटकली. बोकडाने एकदा पाय आपटला. फुलवंताबाईने पदर तोंडावर घेतला. ती रडत नव्हती, तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. बहुधा देवाला आधीच सांगून ठेवत होती की यात तिची चूक नाही.

“मॅडम, नंबर.”

बिल्ला माझ्या तळहातावर होता. पिवळा, हलका, नवा कोरा. बारा आकडे मला स्पष्ट दिसत होते आणि मराठीत एकेक करून म्हणताही येत होते, त्यात एकोणसाठ-एकोणसत्तरसारखं अवघड काहीच नव्हतं.

“नंबर, मॅडम.”

साहेबांचा हात पकडीवर होता आणि तो दाबला जात नव्हता. त्यांना बिल्ला माझ्याकडून घेऊन वाचता आला असता. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. पण त्यांनी तो खाली ओढला नाही. कागदावर म्हैस झालेला तो बोकड त्यांना आठवत असावा. त्यांनी स्वतःच घातलेल्या नियमात ते उभे होते, एका हातात कान आणि दुसऱ्या हातात पक्कड, आणि सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. माझे कान गरम झाले होते. शाळेत बाई उभं करायच्या तेव्हा होत तसे. मी ओठ हलवले, पण आवाज आला नाही.

“ऐकू नाही आलं. मोठ्याने, मॅडम.”

मग मी मोठ्याने म्हणाले, इतक्या मोठ्याने की हातपंपावरच्या बाईने दांडा हापसायचा थांबवला, “नाही सांगत. कान सोडा त्याचा.”